आईच्या नावाची जागा

“बाळंतिणीचं नाव फ्रेहा. तिच्या आईचं?” ताईत लिहिणाऱ्या धर्मगुरू रिबी मखलूफने बोरू शाईत बुडवत विचारलं.

“सारा लिहा,” शलोम म्हणाला.

बोरू थांबला. सफ्रूच्या यहुदी मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या बायकांच्या आयांची नावं रिबीला पाठ. ताईत आईच्या नावानेच लिहायचा, आणि त्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. फ्रेहाची आई याकूत, नदीवर कातडी धुणारी. शलोमने रूप बघून पोरगी केली आणि सासूला उंबरा बंद केला.

“सारा तर आपल्या सगळ्या यहुद्यांचीच आदिमाता, नाही का?” शलोम गोड हसला. अंगाला नारंगीच्या फुलांचा घमघमाट. “ताईताचा कागद आठ दिवस भिंतीवर राहणार. फेजहून माझ्या बहिणी येतील, वाचतील.”

“वाचायचं ते तान्ही पोरं उचलणाऱ्या लिलिथ हडळीने. बहिणींना कशाला तिच्या रांगेत बसवतोस?”

“गेल्या वर्षी तुम्हीच लिहिलं होतंत, सारा.”

लिहिलं होतं खरं. बड्या घरचं माणूस, म्हणून मान डोलावून लिहिलं होतं. सहाव्या दिवशी पोर गेलं. रिबीला शिसारी आली. आधी त्या घमघमाटाची, मग स्वतःच्या बोटांची.

“राखणीचे तीन देवदूत खोट्या पत्त्यावर धाडले मी. आता नाही.”

“मग राहिलं. चौकात छापील मिळतात. आईच्या नावाची जागा कोरीच असते,” म्हणत शलोम चालता झाला.

दाराआड उभी असलेली याकूत आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. “लिहा ना सारा, रिबी! माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? पोरगी सकाळपासून कळा देतेय तिकडे.”

“गप बैस, बाई.”

त्याने नवा कागद ओढला. मोजक्या फटकाऱ्यांत तीन पाखरं उतरली. चोच, डोळा, पाय. प्रत्येकाखाली देवदूताचं नाव: सनवी, सनसनवी, समंगलोफ. सगळ्यांत खाली, फ्रेहा, याकूतची लेक.

“मोलकरणीच्या हाती आत पोचव. उशीखाली ठेवायला सांग. भिंतीवर त्याचं छापील मिरवू दे त्याला.”

“यातलं माझं कुठलं?” याकूतला अक्षर येत नव्हतं.

त्याने बोरूच्या टोकाने दाखवलं. कातड्यांच्या चुन्याने सोललेले हात तिने पाठीमागे धरले आणि शाई वाळेपर्यंत वाकून ती तेवढंच बघत राहिली.