कंबरभर बर्फात

“मदतीसाठी हात वर केलास की खेळ संपला,” रेन्झो म्हणाला. “मग थेट तळावर, रेडिओपाशी. नियम सगळ्यांना सारखा.”

“नियम तूच केलायस, मला काय शिकवतोस?” डोरीनने हेल्मेटचा बंद आवळला. “आणि मी अडकले तर धावत येऊ नकोस. पोट आधी पोचेल, तू मागून.”

रेन्झो हसला, पण त्याचं चित्त हसण्यात नव्हतं. आयुष्यभर रेल्वेचे रूळ सांभाळलेला हा माणूस गावाच्या बचाव पथकाचा प्रमुख होता आणि आज त्याला एक गोष्ट ठरवायची होती. डोंगरात कोणी हरवलं की ताज्या बर्फात सर्वांत पुढे जाऊन वाट पाडायची ती डोरीननेच, हे कित्येक हिवाळे ठरलेलं. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या या बाईला बर्फावरच्या गाडीवर पाहिलं की कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले भलेभले चालक बाजूला होत. पण गेल्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. अडकलेली गाडी तिला एकटीने सोडवता येत नसेल, तर तिला पुढे पाठवणं म्हणजे हरवलेल्यांत आणखी एकाची भर. आणि ते तिला सांगायचं होतं रेन्झोलाच.

गावाने रविवारी पॅनकेकच्या पंगती उठवून, पैसे जमवून पथकासाठी घेतलेली ही नवी स्नोमोबाइल. जुनीपेक्षा पुष्कळ हलकी, खालचा फिरता पट्टा लांब. देवदारांमधला तो मोकळा उतार ताज्या बर्फाने मैद्यासारखा भुसभुशीत झाला होता. चढ सौम्य, वरून हिम कोसळायची भीती नाही. गाडी पारखायला याहून चांगली जागा नव्हती.

डोरीनने इंजिनाची दोरी ओढली, डाव्या हाताने. रेन्झोने ते पाहिलं.

उताराला आडवं जायचं तर गाडी खाली घसरू पाहते. म्हणून वरच्या बाजूच्या पायरीवर उभं राहायचं, हँडल उलट खालच्या अंगाला वळवायचं आणि गाडी स्वतःकडे खेचून एका कडेवर तोलायची. डोरीनने तेच केलं, मात्र जुन्या जड गाडीला लागायचा तेवढा जोर लावून. हलकी गाडी एका झटक्यात तिच्याच अंगावर कलंडली. पांढरा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा ना गाडी दिसत होती, ना बाई.

“डोरीन!”

रेन्झोची गाडी जुनी, वजनदार. चढावर घातली असती तर तीही गाडली गेली असती. तो उतरला आणि कंबरेपर्यंत बुडाला. प्रत्येक पावलाला गुडघा छातीशी आणावा लागत होता. अर्ध्या वाटेवरच श्वास संपला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले, पाय काही केल्या उचलेना.

“थांब तिथेच!” वरून आवाज आला. “हात वर केलाय का मी?”

ती उभी होती. गाडीच्या खालच्या बाजूचा बर्फ तिने पायांनी तुडवून घट्ट केला. मग खांद्याला तोशीस न देता बैठकीला पाठ लावली आणि मांड्यांच्या बळावर रेटलं. गाडी कुशीवरून उलटली आणि नाक खाली करून सरळ झाली.

“तू शहाणी आहेस गं, गाढव मीच,” ती गाडीला म्हणाली.

ती पुन्हा चढाला लागली. या वेळी तिने ओढलं नाही. कडेवर झोपलेल्या मुलाला सावरावं तसा नुसता भार वरच्या पायावर घेतला. गाडी कलली आणि तशीच राहिली. उतारभर, या झाडांपासून त्या झाडांपर्यंत, एकच सलग रेघ उमटत गेली. जोरावर चालवणारी डोरीन रेन्झोने खूप पाहिली होती. ही तिच्याहून सरस होती.

ती खाली आली, त्याच्याजवळ थांबली, इंजिन बंद केलं. त्याचा राखाडी चेहरा तिने पाहिला. पोटाची चेष्टा केली नाही.

“काय ठरवलंस?”

“पुढे तूच.” त्याने श्वास घेतला. “रेडिओवर मी बसतो.”

“तुला कोणी सांगितलं बसायला?”

“तू खरंच गाडली गेली असतीस ना डोरीन, तर मी इथेच उभा असतो. असाच.”

तिने हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

“बस मग. पण गाऊ नकोस तिथे. तुझ्या आवाजाने हरवलेला माणूस आणखी लांब पळेल.”

तो हसायला गेला आणि खोकला.

त्याची गाडी खाली होती आणि मध्ये तोच कंबरभर बर्फ.

“जरा मागेपुढे घेऊन बघते, वळते कशी ते,” डोरीन दुसरीकडे पाहत म्हणाली. त्याच्या गाडीपर्यंत ती सावकाश गेली, परत आली, पुन्हा गेली. लांब पट्ट्याखाली बर्फ दबत गेला. मग ती दूर झाडांपाशी जाऊन थांबली आणि त्याच्याकडे पाठ करून गाडीच्या पुढच्या स्कीवरचा बर्फ काढत बसली. स्कीवर फारसा बर्फ नव्हता.

रेन्झोने पाऊल टाकलं. पाय घोट्यापर्यंत रुतला आणि तिथेच टेकला.