एक आत, एक भाईर

भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मधल्या पाण्यावर बंधाऱ्यापासनं वर मैल-दोन मैल नुसती जलपर्णी माजलेली. ती काढायला ग्रामपंचायतीनं तीन वर्षांखाली फायबरची बोट घेतली. दोन लांबडे डोंगे, मधी लोखंडी अँगल, वर फळ्या. कागदावर तिचं नाव कॅटामरान, पण गाव तिला जोडी म्हणायचं. आन् जोडी चालवणारा हौशीराम मातुर एकटा जीव.

एकटा म्हंजी किती, तर पावशेर दूध आणलं तरी त्यातलं निम्मं नासायचं. बायको लग्नाच्या दुसऱ्या साली माहेरी गेली ती तिकडचीच झाली. रांजणगावच्या एका कंपनीत फायबरच्या टाक्या बनवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली, मग रिटायर झाला. विहारामागच्या खोलीत दिवसभर भिंतीकडं बघून करणार काय? तवा जोडी आली आन् त्याला जागा मिळाली. सकाळी आठला नदीवर जायचं, दिवस मावळता घरी यायचं. मधी बगळे बघायचे. पगार कितीका असंना, कुठं चाललास हौशीराम म्हणलं की नदीवर म्हणायला व्हतं, त्येच त्याला लई व्हतं.

ती जोडी गळायला लागली.

डाव्या डोंग्यात पाणी शिरायचं. जलपर्णीचा भारा वर चढला की घंटाभरात दोन-तीन बादल्या. बोट डाव्या अंगाला अशी कलायची, जणू कुणाचं तरी गुपित ऐकतीय. गुरुवारी सरपंच सीमाताई काठावर आल्या. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची वाईट न्हाई.

"आप्पा, ही बोट हाय का हौद?"

हौशीराम म्हणला, बघतो. त्या म्हणल्या, बघायचं तर सोमवारपतोर बघा. पुण्याचा ठेकेदार मशीन घेऊन यायला तयार हाय. सोमवारी जोडी कोरडी राहिली तर राहिली, न्हाईतर भंगारात. त्या निघून गेल्या. हौशीराम फळीवर बसून राहिला. भंगारवाला बोट नेईल, ते ठीक. पण मंगळवारी सकाळी आठ वाजता आपुण कुठं जायचं, हे त्याला काय केल्या सुचंना.

शुक्रवारी त्यानं ट्रॅक्टरनं जोडी वर वढली आन् जुन्या टायरांवर ठिवली. पयला उपाय सगळ्यांना ठावा असतो. आत पाणी वतायचं आन् भाईरनं कुठं ठिपकतंय ते बघायचं. त्यानं वीतभर पाणी वतलं. जास्ती वतलं तर वजनानं डोंगाच फुटायचा. तासभर खाली उताणा पडून राहिला. एक थेंब पडंना.

दुसरा उपाय पंक्चरवाल्याचा. आत हवा भरायची, भाईरनं साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येईल तिथं भोक. त्यानं ब्लोअर लावला, तर हवा सगळी वरच्या झाकणाच्या कडंनीच सुटाय लागली. जिथं तिथं फेस. पोरांना साबण लावून आंघोळ घालतात तशी बोट पांढरीफेक झाली आन् कळलं काहीच न्हाई.

तिसरा उपाय त्याला पयल्यापासनं ठावा व्हता. पण त्याला दोन माणसं लागतात. डोंग्यावर ताडपत्री टाकायची. एकानं झाकणातनं आत शिरून अंधारात बसायचं. दुसऱ्यानं ताडपत्रीखाली दिवा धरून भाईरनं इंच-इंच सरकायचं. रंगाच्या जाड थरातनं उजेड येत न्हाई, पण चीर असली की आतल्याला ती उजेडाच्या धाग्यावानी दिसती. दिसली की आतनं ठोकायचं. कंपनीत हे काम दोघंच करायचे. आत साहेबराव, भाईर हौशीराम. साहेबराव काटकुळा, कुठंबी शिरायचा.

आता गावात माणसं काय कमी व्हती व्हय? पण दिवा असा हळू सरकवायचा की आतल्याच्या डोळ्याला तो सापडला पायजे. ते कुणालाबी जमत न्हाई. आन् ज्याला जमल, त्याच्याशी हौशीराम सात वर्षं बोलला नव्हता.

भांडण म्हणावं तर भांडणबी नव्हतं. साहेबरावाचं घर पलीकडं, दौंडच्या अंगाला. त्याची बायको सोजराबाई. रोज डब्यात दोन भाकरी जास्तीच्या, हौशाभावजीच्या म्हणून. एकवीस वर्षं. दिवाळीला तर करंज्या वेगळ्या बांधलेल्या असायच्या. साहेबराव रजेवर घरी असताना ती बाई एका दुपारी अचानक गेली आन् हौशीराम मातीला गेला न्हाई. मोबाईल लॉकरमधी व्हता, रातच्याला बसमधी कळलं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग म्हणलं दहाव्याला जाऊ. दहाव्याला तोंड दाखवायची लाज वाटली. साहेबरावानंबी कंपनी सोडली, गाठ पडायचं राहिलं. मग वर्षश्राद्धाला जाऊ. लाजंचं असं असतं, आज नको म्हणलं की उद्या दुप्पट व्हती.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं फोन लावला. तिकडनं साहेबरावानं कोण म्हणून विचारलं.

"म्या हौशा."

तिकडं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"जोडी गळतीय," हौशीराम म्हणला. "लाइटीनं बघावं लागतंय."

"गावात माणसं न्हाईत व्हय तुज्या?"

"हायेत."

मग साहेबरावानं विचारलं, कवा. ह्यानं सांगितलं, धा वाजता. फोन कट झाला.

शनवारी धाला पाच कमी असताना साहेबराव पुलावरनं लुना घेऊन आला. डोक्याचं पांढरं झालेलं, गुडघ्याला पट्टा. राम राम न्हाई, काही न्हाई. बोटीभवती एक चक्कर मारली, फेसाचे वाळलेले डाग बघितले आन् म्हणला, "हिची हळद केली का काय?" मग स्वतःचा गुडघा दाखवून म्हणला, मला आत शिरायला जमायचं न्हाई, तू जा.

जलमात पयल्यांदा हौशीराम आत गेला. झाकणातनं पाय सोडले, खांदे तिरके केले, पोट आत वढलं. आत फायबर चिकटवायच्या रेझिनचा जुना वास नाकात बसला. वर ताडपत्री पडली आन् डोळ्यापुढं काळं ठिक्कर. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत व्हता. साहेबराव एकवीस-बावीस वर्षं अशा अंधारात बसत व्हता आन् आपुण भाईर वाऱ्याला उभं राहून लवकर बघ म्हणून वरडत व्हतो, हे त्याला तवा उमगलं.

भाईरनं दिवा खरखर करत सरकू लागला. डोंग्याच्या नाकापासनं मागं. तळ झाला, काही न्हाई. उजवं अंग झालं, काही न्हाई.

एक गोष्ट हौशीरामाला पक्की ठावी व्हती. आतला माणूस नुसता पुटपुटला तरी भाईर रांजणात बोलल्यावानी ऐकू जातं. भाईरचं बोलणं मातुर आत येत न्हाई. तोंडासमोर जे सात वर्षं निघालं नव्हतं ते त्यानं त्या अंधाराला सांगितलं.

"साहेबराव, त्या दिवशी मला चार वाजताच कळलं व्हतं."

भाईरची खरखर थांबली.

"वॉचमन सांगून गेला. माजा रेझिनमधी हार्डनर टाकून झाला व्हता, गोठायच्या आत थर वढायला पायजे व्हता. म्हणलं येवढा थर वढतो आन् निघतो. तो वढला. मग दुसरा कालवला. कुणी सांगितलं नव्हतं दुसरा. सांच्यापतोर थरावर थर देत बसलो. तिला तसं निजलेलं बघायची माजी छाती नव्हती."

दिवा हालंना. घामानं सदरा पाठीला चिकटला. साहेबराव उठून लुनाकडं गेला असल, असं वाटून हौशीराम झाकण चाचपायला लागला. तवा खरखर पुन्हा सुरू झाली. दिवा डाव्या अंगानं मागं मागं आला आन् मधला अँगल जिथं डोंग्याला बोल्टानं बसलाय त्याच्या खाली केसासारखी एक पिवळी रेघ पेटली. बोटभर लांब.

हौशीरामानं ठोकलं.

चीर रिकाम्या जोडीच्या पाण्याच्या रेघंपेक्षा चार बोटं वर व्हती. म्हणून वीतभर पाण्यात सापडली न्हाई. भारा चढला, डोंगा खाली बसला की ती बुडायची, आन् अँगल हालला की तोंड उघडायची.

दुपारभर दोघांनी काम केलं. चीर ग्रायंडरनं खरडून रुंद केली, गरम हवेनं सुकवली. फायबरच्या मॅटचे तुकडे कापले, लहान, त्याच्यावर मोठा, त्याच्यावर आनखी मोठा. हौशीरामानं रेझिन कालवलं, साहेबरावानं ब्रशानं बुडबुडे दाबून काढले. बोल्टाखाली रुंद पट्टी दिली. बोलणं कामापुरतं. कात्री दे. आता बास. तिथं हवा ऱ्हायली.

हात पुसून साहेबराव लुनापाशी गेला. हौशीराम मागं गेला.

"मला ठावं व्हतं," साहेबराव किल्ली लावत म्हणला. "वॉचमननं तवाच सांगितलं व्हतं."

"मंग बोलला न्हाईस?"

"तू यून सांगशील म्हणून बसलो व्हतो."

लुना पुलाकडं गेली. चहा टाकला व्हता तो तसाच राहिला.

ऐतवार थर वाळण्यात गेला. सोमवारी सीमाताईंनी जोडी पाण्यात सोडून तिच्यावर भारा चढवायला लावला, वर चार माणसं उभी केली आन् तासभर काठावर बसून राहिल्या. तास झाल्यावर हौशीरामानं डाव्या डोंग्यात हात घातला. धूळ लागली हाताला. बाईंनी तिथंच ठेकेदाराला फोन लावला, राहू द्या म्हणल्या, आन् जाता जाता आप्पाला म्हणल्या, चला, आता तुमची सुटका न्हाई.

माणसं गेली. भारा उतरला. पुढं पाणी मोकळं व्हतं. हौशीरामानं इंजन चालू केलं आन् जोडी सरळ पलीकडच्या काठाला नेली. बाभळीला दोर बांधला. चिखलातनं चढून, उसाच्या बांधानं साहेबरावाच्या दारात गेला.

दारात सून धान्य निवडत व्हती. अक्षदा नाव तिचं. लग्न होऊन तीनच वर्षं झालेली, तिनं ह्याला कवा बघितलेलं नव्हतं. बाबा केडगावला गेलेत म्हणली, बसा. तो आत जाऊन सोजराबाईच्या फोटोसमोर खाली फरशीवर बसला. खुर्ची दिली तरी घेतली न्हाई. फोटोतली बाई हासतबी नव्हती, रागावलेलीबी नव्हती. रेशनच्या कार्डासाठी काढलेला फोटो मोठा केलेला, एक कान कडंला कापला गेलेला. हौशीराम बघत राहिला. सुनेनं चहा ठिवते म्हणलं, त्यानं मान हालवली. मातीच्या घरी चहा घेत न्हाईत. पाणी तेवढं घोटभर पिला.

मग उठला. दुखवट्याच्या घरातनं निघताना माणूस 'येतो' म्हणत न्हाई. चपला घालायच्या आन् मागं न बघता चालायला लागायचं. तसाच तो निघाला.

बांधावर पोचला तवा मागं सून फोनवर बोलताना ऐकू आली.

"बाबा, कुणीतरी आलं व्हतं. म्हातारं मानूस. आईंच्या फोटोपुढं बसलं. न्हाई, काय बोललं न्हाई. येतोबी म्हणलं न्हाई, तसंच उठून गेलं."

हौशीराम थांबला न्हाई. उसातनं खाली, नदीकडं उतरत गेला.