कार्डावरचे दोन शिक्के

कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात असतात. संध्याकाळी बोटांना गरम-गार कळत नाही. म्हणून धाकटीने आपल्या लेकीच्या, बिट्टीच्या कपाळाला गाल लावून पाहिला. ताप तसाच होता. कानामागून निघालेलं लाल पुरळ गळ्यापर्यंत उतरलं होतं.

कारखान्याच्या पाळणाघराला लसीचं कार्ड लागे. कार्ड नाही तर मूल ठेवायला जागा नाही, आणि जागा नाही तर कामाची पाळी नाही. पण धाकटीच्या पहिल्या मुलाला सीमेवरच्या छावणीत सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याआधीची पायपीट, गढूळ पाणी, जुलाब हे सगळं होतंच. तिच्या मनात मात्र सुईच रुतून बसली. बिट्टीला ती हात लावू देईना. शेवटी थोरल्या जावेने तोड काढली. तिची ठमी बिट्टीच्याच वयाची, आणि कार्डावर फोटो नसतो. प्रत्येक डोसाला ठमीने दोनदा दंड पुढे केला. एकदा स्वतःच्या नावाने, मग दुसऱ्या केंद्रावर बिट्टीच्या.

“माझीला सगळं डबल,” थोरली कारखान्यातल्या बायकांना सांगत सुटायची, “आता हिला दगड मारला तर दगड फुटेल!”

वस्तीत गोवर आला तेव्हा दवाखान्यात दोन रांगा लागल्या. डोस झालेल्यांची एक, न झालेल्यांची दुसरी. दुसऱ्या दिवशी धाकटी बिट्टीला घेऊन पहिल्या रांगेत उभी राहिली. नर्सने बिट्टीचं कार्ड उघडून दोन्ही शिक्क्यांवर बोट ठेवलं.

“डोस पूर्ण आहेत, मग घाबरू नका. पुरळ उष्णतेचं असेल. तापाचं औषध द्या, तीन दिवसांनी दाखवा. चला, पुढे कोण?”

धाकटीचे ओठ हलले. मागून थोरलीने दंडाला चिमटा काढला.

“गप बस. दोघींची पाळी घालवतेस का?”

धाकटीने कार्ड उचललं आणि ती रांगेतून बाजूला झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्वासागणिक बिट्टीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. धाकटी पोरीला घेऊन दवाखान्याकडे धावत सुटली, मागोमाग थोरली. नर्सने सवयीने कार्ड मागितलं.

“सिस्टर, शिक्के खरे आहेत. पण सुई हिला नाही दिली. दुसरीला दिली, हिच्या नावाने.”

नर्सने कार्ड खाली ठेवलं. “परवा का नाही बोललात, बाई?”

उत्तराला न थांबता ती बिट्टीला उचलून आत गेली. धाकटी दाराला कान लावून उभी राहिली. मघापर्यंत कण्हणारी पोर आता कण्हतही नव्हती.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. “डॉक्टर बघताहेत. आताच काही सांगता येत नाही.” मग रांगेकडे वळून तिने विचारलं, “अशी कार्डं आणखी किती आहेत?”

कारखान्यातल्या बायकांनी आपापली कार्डं मुठीत घट्ट धरली. थोरलीने मान फिरवली.

मग कडेवरचं मूल सावरत एक बाई निघाली आणि डोस न झालेल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.