तिसरे माप

मी एक जुना कॅलिपर आहे, जाडी मोजायचे अवजार. एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर दोन जबडे, त्यातला एक सरकणारा; एवढाच माझा पसारा. मित्रांनो, त्या शेवटच्या साध्यासुध्या रविवारी मी नेहमीसारखाच कामावर होतो. माझे मालक मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. हाडांवरून माणसाचे जगणे ओळखायचे, हे त्यांचे काम. टेबलावर खोदकामात सापडलेल्या एका प्राचीन बाईची हाडे होती. मालक तिला मावशी म्हणत.

"उजव्या दंडाचं हाड, तेवीस मिलिमीटर."

"तेवीस," लिहून घेणारी त्यांची लेक म्हणाली. ऐकलेला आकडा परत बोलायचा आणि प्रत्येक हाड तीनदा मोजायचे, हा त्या घरचा कायदा.

"डावा एकवीस. म्हणजे मावशी उजव्या हाताची. घोट्यावर ही सपाट जागा बघ. उकिडवी बसून कामं करायची. आणि दातातली खाच? दोरा दातात धरायची."

"आणि गप्पा किती मारायची?"

"ते हाड सांगत नाही. तूही सुटलीस!"

"दोनदा मोजलं ना, बाबा? मावशी आता काय वाढतेय का?"

"हात हलतो गं आपला. डाव्याचं तिसरं माप पुढच्या रविवारी घेऊ. चल, चहा टाक."

मला हसता येत नाही, पण जबडे किंचित सैल झाले.

माझे सगळेच आयुष्य असे सुखाचे नव्हते. पहिल्या मालकाने माझ्याकडून माणसांची डोकी मोजून घेतली आणि त्यावरून कोण थोर, कोण हलके ते ठरवले. मापे बरोबर होती, निष्कर्ष खोटा होता. पुढे मी अडगळीत गंजलो. प्राध्यापकांनी मला तेल देऊन उठवले आणि विचारायचे कसे ते शिकवले: ही बाई जगली कशी?

पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही. गुरुवारी ते गेले.

तीन महिन्यांनी संग्रहालयाचे पत्र आले. मावशीच्या हाडांची पेटी दुसऱ्या दिवशी परत हवी होती. वहीत एकच रकाना रिकामा होता. लेकीने पेन उचलले. वरचाच आकडा उतरवला असता, तरी कोणाला कळले असते? पण तिने पेन खाली ठेवले आणि मला हातात घेतले, जन्मात पहिल्यांदा. मित्रांनो, तिने आधी मला मऊ फडक्याने पुसले. अवजार असेच वापरावे.

तिने डाव्या दंडाचे हाड समोर घेतले. मी हाडाला अलगद टेकलो.

"एकवीस," ती म्हणाली. परत बोलायला कोणी नव्हते. तिने तो आकडा स्वतःच पुन्हा उच्चारला, लिहिला आणि हसली.

"बाबा, मी कुरकुर करायचे ना, ती सगळी खोटी होती. मला तिसरं माप फार आवडायचं. तेवढाच वेळ तुम्ही जास्त मिळायचात."