जोत्यावरची मैफल

मच्छिंद्रच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं की जुनं गाव उघडं पडतं. दगडी देऊळ, घाटाकडे जाणारी पेठ आणि घरांची नुसती जोती. त्या जागेत गाण्याची मैफल ठेवून गाव जागं करायचं, हे खूळ त्याचंच. तो अजून अवसरीच्या कॉलेजात शिकणारा पोरगा आणि गाव सुटलं तेव्हा आईच्या कडेवर होता, म्हणजे आठवणीच्या नावानं शंख.

खरं तर एकाच माणसानं यावं एवढंच त्याला हवं होतं. पण आईनं, सुंदराबाईनं, साफ सांगितलं होतं, "बुडालं ते बुडालं. मी न्हाई यायची." तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मांडववाल्या भगवंतनं देवळासमोर सतरंज्या अंथरल्या. स्टेज कुठं बांधायचं म्हणून दोघं हिंडले, तर समोरच एक सपाट, रुंद जोतं सापडलं. "हेच घेऊ, बांबू वाचतील," मच्छिंद्र म्हणाला आणि चपला घालून त्यावर दिवसभर नाचला.

ऊन उतरलं तशी धरणामुळं उठून घोडेगावात वसलेली जुन्या गावची माणसं टेंपो भरून आली. आली आणि पांगली. सतरंजीवर एक जण बसेल तर शपथ. जो तो चिखल वाळलेल्या वाटांनी आपापलं जोतं शोधत गेला आणि तिथं फतकल मारून बसला. एक म्हातारी तर पदरानं अंगण झाडायला लागली. पुण्याहून आलेल्या गायिकाबाई तंबोरा लावून रिकाम्या सतरंज्यांकडे बघत बसल्या. मच्छिंद्र घामाघूम होऊन एकेकाला हात जोडत फिरला.

"चिमाजीबाबा, म्होरं चला की. बाई खोळंबल्यात."

"हितनं येतंय ऐकू. दारात पावणं आल्यावर मालक घर सोडून जातो व्हय रं?"

तो चरफडत मागं फिरला, तेवढ्यात शेवटच्या टेंपोतून सुंदराबाई उतरली. तो आनंदानं तिच्याकडे धावला. ती इकडंतिकडं न बघता सतरंज्या ओलांडून सरळ पुढं आली, वहाणा काढल्या आणि स्टेजवर चढली.

"आई, खाली बस की. तिथं त्या गाणारेत."

तिनं ऐकलंच नाही. कोपऱ्यातला गालिचा उलटा केला आणि खालच्या काळ्या पडलेल्या दगडावरून हात फिरवला.

"हितं चूल व्हती," ती म्हणाली. "आन त्या अंगाला तू जल्मलास."

मच्छिंद्र जागीच थबकला. त्या अंगाला त्यानं स्वतःच्या हातानं माइकचा खांब ठोकला होता. सगळ्यांना आपलं घर सापडलं आणि हा गाव जागं करायला निघालेला शहाणा दिवसभर आपल्याच घरावर उभा होता. त्याला लाज वाटली, रडूही आलं.

गायिकाबाई सरकून बसल्या. मच्छिंद्रकडे न बघता त्यांनी सुंदराबाईला विचारलं, "आजी, सुरू करू?"

"करा की. घर तुमचंच हाय."

मच्छिंद्र पायरीवर चढला आणि अवघडून उभा राहिला. आईनं शेजारची जागा थोपटली.

"ये. पर चपला काढ आदी. घरात हाईस."