गोजराकाकूंच्या घरचा फोन

मला ऐकू येत नाही, एवढंच. पण शिरवण्यात आमच्या चाळीतले लोक माझ्यासमोर असे बोलतात, जणू मला दिसतही नाही. ओठ वाचून सगळ्या चाळीच्या भानगडी मला पाठ आहेत.

मी नाचते. स्टेज फळ्यांचं असलं की ढोलकी तळपायातून वर चढते. सिमेंटचं असलं की पंचाईत. मग माझा भाऊ रणजीतदादा विंगेत उभा राहून बोटांनी ताल दाखवतो. नाटकातही कामं मिळाली, पण दर वेळी मुक्या मुलीचीच. माझ्यासाठी दादाने मार्केटमधली हमाली सोडली आणि माझे कार्यक्रम घ्यायला लागला. शाळेत मला बोलायला शिकवलं होतं. पण माझा आवाज म्हणे घोगरा, वेडावाकडा. तो फक्त दादाला कळतो. बाहेर तोंड उघडू नकोस, लोक हसतात, असं त्यानेच बजावलंय.

शहाण्णव साली महाप्याच्या एका कारखान्यात स्नेहसंमेलन होतं. तिथे नमिताबाईंनी माझा नाच बघितला. त्या दिल्लीत बहिऱ्या नटांची मंडळी चालवतात. त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, 'दोन वर्षं आमच्याकडे ये. आईची, राणीची, चोराची, हवी ती भूमिका कर. घरी विचार. रविवारी फोन करते. सोमवारी नावं पक्की होतील.'

माझे वडील, आबा, हो म्हणाले. दादाही म्हणाला, "सांगतो हो म्हणून. टेन्शन नको घेऊ." मी तीन रात्री झोपले नाही.

फोन फक्त आमच्या घरमालकीण गोजराकाकूंकडे. सगळी चाळ तोच नंबर देते. रविवारी काकू दारात आल्या.

"रणजीत, दिल्लीचा फोन हाय. बेगीन चल."

दादाने रिसीव्हर घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. पण समोर काकूंचं शोकेस होतं, आणि त्याच्या काचेत त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते.

"नाय मॅडम. घाबरते ती. मी लय समजावलं, पण घर सोडायला तयार नाय. मला पण वाईट वाटतं."

वाईट त्याला खरंच वाटत होतं. मी गेले तर त्याने करायचं काय? पुन्हा पाठीवर कांद्याची गोणी घ्यायची? मला त्याची कीव आली आणि संतापही आला. संताप जास्त होता.

मी रिसीव्हर हिसकावला आणि चारचौघांत कधी काढला नव्हता तो आवाज काढला. "मी राजलक्ष्मी. मला यायचंय. माझं नाव लिहा." तीनदा म्हणाले, चारदा म्हणाले. घसा दुखायला लागला. काकूंनी तोंडाला पदर लावला. दादा मान खाली घालून उभा होता.

मग मी थांबले. पलीकडून उत्तर येत असेल तर ते मला कसं कळणार? शेवटी मीच रिसीव्हर दादाच्या कानाला लावला.

त्याने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग फोन खाली ठेवला आणि मला दिसेल असं सावकाश म्हणाला, "कट झालाय. तू बोलायच्या आधीच."

कट झालेला फोन माणसं इतका वेळ ऐकतात का, मला माहीत नाही. मी कधी फोन ऐकलेला नाही.