पॉलिसीवरची शशिकला

तेराव्याचे पाहुणे जेमतेम पळस्पे फाट्यापर्यंत पोचले असतील, तोवर इंद्रजीत स्टँपपेपर घेऊन वहिनीच्या पुढ्यात हजर! कर्नाळ्याच्या वळणावर ट्रकनं स्कूटर उडवली आणि कृष्णकांत टिपणीस जागच्या जागी गेला, त्याला अजून पंधरवडाही झाला नव्हता. पण धाकट्या भावाला रडत बसायला सवड कुठली?

"वहिनी, फक्त एक सही हवीय," तो म्हणाला. "दादाच्या विम्यावर ज्या शशिकला टिपणीस नॉमिनी आहेत, त्या तुम्ही नव्हेत. बस्स, एवढंच लिहिलंय."

ही वहिनी म्हणजे कृष्णकांतची दुसरी बायको. घरात तिला शशिकला म्हणत. आपण तिला पद्मजाच म्हणू, कारण आईबापांनी ठेवलेलं तिचं नाव ते, आणि ते काढून घेतलं म्हणून तर हे सगळं रामायण झालं.

पहिली शशिकला काविळीनं गेली तेव्हा तिचा विश्वजीत पाच वर्षांचा होता. वर्षभरात कृष्णकांतनं रोह्याच्या पद्मजाशी लग्न केलं. ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली आणि सासूबाईंनी फर्मान सोडलं, "शशिकलाच लिही. रेशनकार्डावर तेच आहे, भांड्यांवर तेच आहे. कशाला उगाच खाडाखोड?"

भांड्यांवर! म्हणजे पितळेच्या पातेल्यावरचं नाव बदलायला नको, म्हणून जित्याजागत्या मुलीचं बदलायचं! कृष्णकांतनंही अंगठीनं निमूट तेच गिरवलं. मांडवातल्या बायका तर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, बरं झालं हो, पोराला आई परत मिळाली. रेशनकार्डावरचं नाव कुणी कमी केलं नाही की वाढवलं नाही. एक शशिकला गेली, दुसरी आली, सरकारदरबारी कुणाला पत्ताच नाही.

आणि ही बिचारी तेरा वर्षं त्या नावाला ओ देत राहिली. दर वर्षी पहिलीचं श्राद्ध यायचं. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात हाक मारायच्या, "शशिकला, खीर झाली का गं?" आणि शशिकलेच्या श्राद्धाची खीर शशिकलाच ढवळत असायची. अंगावर काटा यायचा तिच्या. पण सांगणार कुणाला?

विमा उतरवला तेव्हा पहिली हयात होती. नंतर एजंट भगवान दर हप्त्याला सांगायचा, "साहेब, नॉमिनी बदलून घ्या." कृष्णकांत हसायचा. "बदलायचं काय त्यात? नाव तेच तर आहे!" शिकलासवरलेला, कंपनीत सुपरवायझर असलेला माणूस हा. शहाणपणाचा नुसता कहर!

पद्मजानं तो कागद वाचला. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"भाऊजी, एवढी घाई कशाची?"

"गैरसमज नको, वहिनी. पण उद्या तुम्ही रेशनकार्ड घेऊन गेलात, तर ते लोक पैसे तुमच्या हातात ठेवून मोकळे होतील. पॉलिसी पंच्याहत्तर सालची. तेव्हा तुम्ही होतात कुठे? ती विश्वजीतच्या आईच्या नावाची आहे, म्हणजे पैसे विश्वजीतचे."

विश्वजीतचे कसले, व्हिडिओ लायब्ररीचे! स्टेशन रोडला गाळा बघून ठेवला होता इंद्रजीतनं, आणि पुतण्याला पार्टनर करून घ्यायचं गाजर केव्हापासून दाखवत होता. राग पैशांसाठी आला नव्हता पद्मजाला. रेशनकार्ड घेऊन परस्पर पैसे उचलावेत असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नवऱ्याच्या फोटोवरचा हार सुकला नव्हता आणि या माणसानं तिला चोर ठरवून टाकलं होतं.

तिनं विश्वजीतकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचा घोडा, दाराला टेकून नखं कुरतडत होता.

"विशू, तुझंही हेच म्हणणं आहे?"

"काका म्हणतात ते बरोबरच आहे ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझ्या आईचं आहे ते."

माझ्या आईचं! गोवरात ज्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही, दोन विषय राहिले तेव्हा बापाच्या माराआड जी उभी राहिली, ती मग कोण? मोलकरीण? सई, तिची अकरा वर्षांची पोर, आईचा पदर घट्ट धरून उभी होती.

"आई, तुम्ही तरी बोला," पद्मजा सासूबाईंना म्हणाली. "हे नाव तुम्हीच दिलंत ना मला?"

सासूबाईंनी वाती वळणं थांबवलं नाही. "मी म्हातारी काय बोलणार? तुमचं तुम्ही बघा."

वा! नाव देताना म्हातारी नव्हत्या त्या.

"मी सही करणार नाही," पद्मजा म्हणाली. "जे सांगायचं ते ऑफिसात तोंडानं सांगेन. उद्या या दोघंही."

इंद्रजीतचा चेहरा पडला. ही बाई आता सगळं गिळंकृत करणार, असं त्यानं मनात पक्कं धरलं.

विमा कार्यालयात टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी फाईल उघडली, रेशनकार्ड पाहिलं, पासबुक पाहिलं.

"तुम्हीच का शशिकला कृष्णकांत टिपणीस?"

नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. सगळे कागद तिच्या बाजूनं होते. ते नाव तिच्यावर लादलं होतं, तेरा वर्षं तिनं ते निभावलं होतं, मग त्याचं मोल का घेऊ नये? सईची शाळा, फ्लॅटचे हप्ते, सगळं एका शब्दात सुटत होतं. मागे इंद्रजीतचा श्वास वाजत होता.

"नाही," पद्मजा म्हणाली. "पॉलिसीवरची शशिकला वारली. मी यांची दुसरी पत्नी."

बाईंनी चष्मा काढला. "मग नॉमिनी विमेदाराच्या आधीच गेल्या म्हणायच्या. म्हणजे नॉमिनेशन उरलंच नाही. पैसे वारसांना जातील. आई, पत्नी आणि दोन्ही मुलं, चौघांना सारखे."

"सारखे?" इंद्रजीत ओरडलाच. "अहो, पण पॉलिसीवर याच्या आईचं नाव आहे!"

"असेल. पण त्या नाहीत ना आता." बाई पद्मजाकडे वळल्या. "फक्त एक अडचण आहे. कागदोपत्री तुम्ही दोघी एकच दिसता. घरातल्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. पहिली सून वारली, मुलानं दुसरं लग्न केलं, सुनेचं माहेरचं नाव हे, सासरचं ते. त्याशिवाय कुणालाच काही मिळणार नाही."

कुणालाच म्हटल्यावर मग काय! इंद्रजीतनं त्याच दुपारी रिक्षा करून आईला कोर्टाजवळ आणलं. कालपर्यंत ज्या बाईला 'तुम्ही कोण' म्हणत होता, तीच कोण ते सिद्ध करायला आता स्वतः धावत होता. लाज कशी ती नाही!

नोटरीच्या टेबलाशी सासूबाई खुर्चीत बसल्या. टायपिस्टनं कागद चढवला. पहिल्या सुनेचं नाव, वारल्याचं साल, दुसऱ्या लग्नाचं साल, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं.

"सुनेचं माहेरचं नाव?" नोटरीनं विचारलं.

"शशिकला."

"ते तुम्ही दिलेलं, आजी. लग्नाआधीचं?"

सासूबाईंनी इंद्रजीतकडे पाहिलं. इंद्रजीतनं विश्वजीतकडे. विश्वजीतनं रस्त्याकडे.

"प्रमिला का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "नाही... पुष्पा. पुष्पाच ना?"

टायपिस्टची बोटं यंत्रावर तशीच थांबली. पद्मजाच्या अंगाची लाही लाही झाली. तेरा वर्षं एका छपराखाली! हिच्या हातचं जेवले, हिच्याकडून पाय चेपून घेतले, आणि ही कोण ते या तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही. सांगून टाकावंसं वाटेना तिला. बसू देत असेच, सगळ्यांदेखत, तिष्ठत.

"वहिनी, सांगा की," इंद्रजीत कुजबुजला. "लोक बघतायत."

"बघू देत."

शेवटी विश्वजीत पुढे आला. मान खाली, कान लाल. "आई," तो म्हणाला, "नाव काय तुझं?"

त्याला मात्र तिनं सांगितलं. मग ती सासूबाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "प्रतिज्ञापत्र तुमचं आहे, आई. तुम्हीच सांगायला हवं."

"पद्मजा," सासूबाई पुटपुटल्या.

"मोठ्यानं म्हणा. त्यांना टाईप करायचंय."